औषधाच्या पाकिटांतली मोटार

सहा महिन्यांत मी घरच्या घरी एक मोटार बांधून दाखवीन, असे मी एका रविवारी संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता जाहीर केले, तेव्हा माझ्याइतका निश्चिंत माणूस आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. बायकोने वर न पाहता विचारले, "आणि चालवणार कोण?"

प्रश्न खोचक होता, पण गैरलागू नव्हता. वाचकहो, आपल्यापासून काय लपवायचे! मोटार चालवण्याच्या परीक्षेत मी चार वेळा नापास झालो आहे. पहिल्या वेळी मी एका ढगाच्या मागोमाग मैदानाबाहेर गेलो. दुसऱ्या वेळी चढावर थांबून पुन्हा निघायचे होते. मी थांबलो तो थांबलोच, कारण चढाच्या टोकाला फक्त आकाश दिसत होते आणि त्यात शिरायला पाय धजेना. तिसऱ्या खेपेविषयी न बोललेले बरे. चौथ्या वेळी तपासनिसाने कागदावर "उमेदवार हजर होता, लक्ष हजर नव्हते" असा शेरा मारला. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. आयुष्य दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढण्यात गेले. त्या वाक्यात मला एकही चूक सापडली नाही.

माझे सासरे म्हणजे मास्तर. सगळे शहरच त्यांना मास्तर म्हणते, कारण तीस वर्षे त्यांनी या शहराला मोटार चालवायला शिकवले. एक खोली, एक गाडी आणि खोलीच्या दाराशी टेबल टाकून वेळा लिहून घेणारी त्यांची मुलगी, एवढाच त्या शाळेचा पसारा. मी तिथे गाडी शिकायला म्हणून गेलो आणि तिचा नवरा होऊन परतलो. गाडी तेवढी राहून गेली. मास्तरांचा प्रत्येक विद्यार्थी आज ना उद्या पास झाला. एकच राहिला, आणि तो घरातच येऊन बसला. या अवघड नात्यातून मास्तरांनी आपल्यापुरती वाट काढली होती. गाडीबाहेर ते मला "जावईबापू, तुम्ही" म्हणत, आणि गाडीचे दार लागले की "गाढवा, तू".

त्यांची एक रीत होती. विद्यार्थी बसण्यापूर्वी ते मागचे दाखवणारा आरसा हळूच आकाशाकडे फिरवून ठेवत आणि तोंडातून अक्षर काढत नसत. आरसा नीट न करता ज्याने गाडी सुरू केली, त्याला तिथल्या तिथे उतरवून पायी घरी पाठवत. मी पुष्कळदा पायी घरी गेलो आहे. पण दोष माझा एकट्याचा नव्हता. त्या बोटभर काचेत आकाश इतके मनापासून येऊन बसलेले असे, की त्याला हलवणे मला असभ्यपणाचे वाटे.

शिवाय त्या गाडीत मास्तरांच्या सीटपुढे दुसरा ब्रेक होता. तो दाबला की डॅशबोर्डखाली एक लहानशी घंटा वाजे. "गाडी मीच थांबवली" अशी बढाई विद्यार्थ्याला मागाहून मारता येऊ नये, म्हणून ही घंटा मास्तरांनी स्वतःच्या हाताने बसवली होती.

गेल्या वर्षी वादळात एक झाड त्या उभ्या गाडीवर आडवे झाले. टप चेपले, काचा गेल्या, दारे कायमची मिटली. गाडी भंगारात गेली, शाळेच्या खोलीला कुलूप लागले आणि मास्तर खिडकीशी बसले. ते कुठे जाईनात. दाढीसुद्धा करीनात. दिवसभर रस्त्याकडे पाहत राहत, आणि कोपऱ्यावर एखादे वाहन जरा वेगाने वळले की त्यांचा पाय फरशी दाबून धरी. बायको माहेरी जाऊन आली की घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलत नसे.

अशा दिवसांत एका मासिकात मला ते चित्र दिसले. उघडी, दोन माणसांची, लांबट नाकाची मोटार. झोपेत हसणाऱ्या माणसासारखा चेहरा. सांगाडा आणि फायबरची काया खोक्यातून येते, इंजिन, गिअर, चाके, ब्रेक ही सारी इंद्रिये एखाद्या जुन्या गाडीतून काढून आत बसवायची. पडलेल्या गाडीचे प्राण दुसऱ्या देहात! मला रात्रभर झोप आली नाही.

मी भंगारवाल्याकडून मास्तरांची गाडी सोडवून आणली आणि त्यांना सांगायला गेलो, की तिला नवा जन्म देतो. त्यांनी खिडकीवरून नजर न काढता उत्तर दिले, "द्या, जावईबापू. पण तयार झाल्याशिवाय दाखवू नका. अर्धवट अवस्थेत माणूससुद्धा पाहवत नाही."

गाडी सुटी करणे किती सोपे असते, हे आपल्याला सांगायला नको. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी तीन रविवारांत ती इतकी सुटी केली, की ती कधी एकत्र होती यावर कुणाचा विश्वास बसला नसता. खोक्याबरोबर आलेल्या पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते, की प्रत्येक भाग वेगळ्या पाकिटात घालावा आणि पाकिटावर त्याचे नाव व क्रमांक लिहावा. पाकिटे घरात होती. बायको औषधाचे दुकान चालवते. गोळ्या घालायच्या लहानमोठ्या कागदी पाकिटांचे गठ्ठे आमच्याकडे नेहमीच पडलेले असतात. त्यांवर सकाळ, दुपार, रात्र अशा तीन चौकटी छापलेल्या असतात आणि खाली "जेवणानंतर".

क्रमांक मात्र माझ्याने लिहवेनात. तेल पुसून एकेक भाग तळहातावर घेतला, की तो काहीतरी बोलल्यासारखा वाटे. त्याला सत्तेचाळीस म्हणून कशी हाक मारायची? मी तो जे बोलला तेच लिहिले. एका पाकिटावर "वाट पाहून थकलेली". दुसऱ्यावर "हिला कुणी विचारले नाही". "ओठ घट्ट मिटलेला" एक होता, "फिरते, पण कुठे जात नाही" अशा तर चौदा होत्या. आणि भाग हातात आला त्या क्षणी मनात जी वेळ उतरली, तिच्या चौकटीत खूण केली. काही वस्तू जन्मजात दुपारच्या असतात.

बायकोने एकदा शेडमध्ये येऊन गठ्ठा चाळला आणि शांतपणे म्हणाली, "हे तीन नट सकाळ-दुपार जेवणानंतर. कुणाला देऊ?"

जोडणीच्या पहिल्या दिवशी मी "फिरते, पण कुठे जात नाही" असे एक पाकीट उघडले, आतल्या चकतीकडे पाहिले, चकतीने माझ्याकडे पाहिले. कोणत्या भावनेने मी तसे लिहिले, ते लख्ख आठवत होते. ती चकती कुठे बसते, ते आठवत नव्हते. एकंदर तीनशे बारा पाकिटे होती.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या वेल्डरने मदतीचा हात पुढे केला. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. दिवसाकाठी तो दहा शब्द बोलतो आणि त्यांतले सहा "झालं" असतात. मी छापखान्यात असताना त्याने आपण होऊन काम सुरू केले. संध्याकाळी परतलो तर मोटार उभी! चार चाके, नाक, पाठ, सगळे जागच्या जागी. फक्त पुढे लाल दिवे होते, मागे पांढरे, आणि हॉर्न शेपटाशी. आपल्याकडे येत असली तरी ती आपल्याला सोडून निघाली आहे असेच वाटे. खरे सांगायचे तर मला ते आवडले होते.

"सकाळ म्हणजे पुढं," ठिणगी म्हणाला. "दुपार मधे. रात्र मागं. तसंच लिहिलंय ना?"

माझ्या पाकिटांचा एवढा विचार दुसऱ्या कुणीच केला नव्हता. आम्ही दोघांनी मिळून सगळे पुन्हा सोडवले आणि ज्याच्या त्याच्या पाकिटात घातले. ठरवलेल्या सहा महिन्यांतले पाच संपले होते.

नेमक्या त्याच आठवड्यात मास्तरांकडे पत्र आले. परीक्षेचे जुने मैदान महिनाअखेर बंद होणार होते. पुढच्या परीक्षा शहराबाहेर, यंत्रांच्या देखरेखीखाली. मास्तरांनी मला बोलावून घेतले. गेलो तर ते खिडकीशी नव्हते. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खोलीच्या मधोमध उभे होते.

"शेवटच्या दिवशी तुमची परीक्षा लावून आलोय, जावईबापू," ते म्हणाले. "माझ्याच गाडीत. तीस वर्षांत जो आला तो त्या मैदानातून पास होऊन गेला. एकटाच मागं राहिलाय, तो तिथं राहायला नको. गाडी तयार आहे ना?"

मी "जवळजवळ" म्हणालो. वाचकहो, त्या एका शब्दात मी तीनशे बारा पाकिटे भरली.

घरी येऊन बायकोला सांगितले, तेव्हा तिने दुकानाचा हिशेब बाजूला सारला. मग म्हणाली, "बाबा वर्षभरात पहिल्यांदा आपल्या पायांनी बाहेर पडले, ते तुझी तारीख लावायला. आता गाडी पाकिटांत आहे, हे त्यांना तू सांगतोस की मी?" मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "राहू दे. त्यांना उद्या इथंच घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर शेडच्या दारात उभे राहिले. आतला रिकामा सांगाडा, भिंतीला टेकवलेली फायबरची काया, फळीवर ओळीने मांडलेली पाकिटे, सगळे त्यांनी पाहिले. आता "गाढवा" येणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी चष्मा मागितला, एक डबा पालथा घालून त्यावर बसले आणि पहिले पाकीट उघडले.

"हिला कुणी विचारले नाही," त्यांनी मोठ्याने वाचले. आतली वस्तू बोटांत फिरवली. "क्लचची बेअरिंग. खरंय. तीस वर्षं मीही कधी विचारलं नाही."

मी मान वर केली.

"ओठ घट्ट मिटलेला. ऑइल सील. वाट पाहून थकलेली..." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "हँडब्रेकची स्प्रिंग. चढावर तुझीच वाट पाहत होती, गाढवा. दुसरं कोण थकवणार तिला?"

अशी तीनशे पाकिटे. "फिरते, पण कुठे जात नाही" अशा चौदाच्या चौदा त्यांनी नुसत्या अंगठ्याने ओळखल्या. ज्या माणसाने जन्मात कवितेचे पुस्तक उघडले नव्हते, त्याला माझी एक ओळ अडली नाही. शेडच्या पत्र्यातल्या भोकांतून उन्हाचे कवडसे उतरत होते, ते पाकिटांवरून सरकत सकाळचे दुपारी आणि दुपारचे संध्याकाळी गेले, आणि बायको दाराशी टेबल टाकून, पूर्वीसारखीच, मास्तर सांगतील ते नाव नव्या पाकिटावर लिहून घेत होती. क्रमांकासह.

दुसऱ्या ब्रेकच्या पाकिटावर मी "संशय" असे लिहिले होते. मास्तरांनी ते वाचले, माझ्या खिशातले लाल पेन काढून घेतले, मुद्रितशोधकाच्या शिस्तीने शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर "काळजी" असे लिहिले. पुस्तिकेत दुसऱ्या ब्रेकला जागाच नव्हती. ती ठिणगीने केली. "झालं," तो म्हणाला.

शेवटच्या काही पाकिटांत एक होते, "गेलेले दिवस". मास्तरांनी ते उघडले, आत पाहिले आणि नाव सांगितलेच नाही. मग पाकीट बंद करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवले, छातीशी. आयुष्यात एकदा तरी माझ्या दोन शब्दांनी कुणाला तरी इतके आत कुठेतरी स्पर्श केला होता! त्या पाकिटात काय आहे, हे विचारणे मला क्षुद्रपणाचे वाटले.

पुढच्या अकरा दिवसांत गाडी उभी राहिली. मास्तर डब्यावर बसून सांगत, ठिणगी आणि मी करत असू, आणि त्या अकरा दिवसांत मास्तरांनी मला एकदाही जावईबापू म्हटले नाही. ती कागदोपत्री मोटार कशी ठरली, ते बायकोला ठाऊक. मी विचारले नाही. रंग आम्ही फिकट निळा दिला. पहाटे अंगणात उभी असली, की आभाळाचा एक तुकडा घसरून खाली आला आहे असे वाटे. इंजिन मात्र जुनेच होते, आणि ते प्रथम सुरू झाले तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "तिसऱ्या गिअरला कुरकुरेल," ते म्हणाले. "पूर्वीही कुरकुरायची."

परीक्षेच्या दिवशी एक लहानशी अडचण निघाली. गाडी दोघांची आणि आम्ही तिघे. त्यातून मास्तर आपली दुसऱ्या ब्रेकची सीट सोडीनात, आणि उरलेल्या दोघांत परवाना फक्त बायकोकडे. त्यामुळे माझ्या स्वप्नातली मोटार बायको चालवत होती, शेजारी मास्तर बसले होते, आणि मी मागून सायकल मारत होतो.

पण वाचकहो, त्या सायकलवरून मी जे पाहिले, ते मोटारीतून दिसले नसते. प्रत्येक वळणावर, प्रत्येक चौकात बायको मान वळवून मागे पाहत होती. वारा तिचे केस तोंडावर आणी, ते सारून ती पुन्हा पाही. लग्नाला नऊ वर्षे झाल्यावरही! एरवी ती दुकानातून मला नुसती मान हलवून निरोप देते. मी दरवेळी हात हलवला. ती हसली नाही, पण प्रेमात गांभीर्य असतेच.

मैदान जवळजवळ रिकामे होते. मातीवर चुन्याने काढलेला आठचा आकडा, तो चढ, आणि टोकाला उलटे जाऊन गाडी लावायची चौकट. सायकल कुठे तरी ठेवायची म्हणून मी ती चौकटीच्याच बाजूला उभी केली. तपासनीस मास्तरांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने शेजारची सीट मास्तरांना दिली. म्हणाला, मी बाहेरून पाहतो, तुमच्या शेजारी बसायची आजही भीती वाटते.

मी बसलो. मास्तर बसले. त्यांनी दार लावले, हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहून हसलो. ते थांबले होते. कशासाठी, ते मला कळले नाही. मी गाडी सुरू केली.

अशी गाडी मी कधीच चालवली नव्हती, किंवा असे मला गाडीने कधीच चालवले नव्हते. आठच्या आकड्यातून आम्ही पाण्यातून गेल्यासारखे गेलो. चढावर थांबलो, आणि समोर तेच आकाश होते, पण आता आम्हीही त्याच रंगाचे होतो. पाय उचलला आणि गाडी त्यात शिरली. तिसऱ्या गिअरला ती कुरकुरली. मास्तर नुसते माझ्याकडे पाहत होते. उरली फक्त चौकट. मी उलटा गिअर टाकला, समोर लांब लांब जाणारे मैदान पाहिले, आणि वाटले, की तीस वर्षे अशीच हळूहळू आपल्यापासून दूर सरकत असतील.

घंटा वाजली.

गाडी जागच्या जागी थांबली. मी वळून पाहिले. गाडीचे शेपूट आणि माझी सायकल यांच्यामध्ये वीतभर अंतर होते. मास्तरांचा पाय अजून दाबलेलाच होता.

तपासनीस धावत आला. घंटेचा अर्थ त्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, आज शेवटचा दिवस. मला काही ऐकू आलेलं नाही."

एका शब्दाने मास्तरांची तीस वर्षांची पाटी स्वच्छ झाली असती. ते म्हणाले, "घंटा वाजलीय. लिही."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ते पाकीट काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले. मी उघडले. आत आरसा होता. मागचे दाखवणारा.

मी समोर काचेकडे पाहिले. आरशाच्या जागी स्क्रूची दोन भोके होती. अकरा दिवस होती.

"फिरवलेला आरसा तुला कधी दिसला नाही," मास्तर म्हणाले. "म्हटलं, नसलेला तरी दिसेल. अख्खं मैदानभर थांबलो रे."

तेवढ्यात मैदानाच्या कडेवरून बायको येऊन पोचली. मानेला हात लावून उभी होती. वाटभर दर वळणावर मागे पाहून पाहून मान अवघडली म्हणाली. बाबांनी आरसा बसवू दिला नाही आणि सांगायचेही नाही म्हणून बजावले. आणि तू हात कशाला हलवत होतास, असेही तिने विचारले. मी म्हणालो, माशा होत्या.

तपासनिसाने मैदानाच्या नोंदवहीत शेवटची ओळ लिहिली. मास्तरांनी ती चष्मा लावून वाचली. मग आपल्या मुलीकडे वळून, वर्षभरात मी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "शाळेच्या खोलीची किल्ली कुठं ठेवलीस गं? एक विद्यार्थी राहिलाय. उद्या काम आहे मला."

त्यानंतर बायकोच गाडी चालवत परत गेली, पुन्हा मान वळवत. या खेपेला मी हात हलवला नाही.

आता ते पाकीट माझ्या मेजावर आहे. "गेलेले दिवस" या शब्दांवर लाल रेघ आहे. खाली मास्तरांच्या अक्षरात सकाळच्या चौकटीत "चढ", दुपारच्या चौकटीत "उलटे जाणे" आणि रात्रीच्या चौकटीत "आरसा पुसणे" असे लिहिले आहे. औषध मी नियमित घेत आहे. गुण अद्याप आलेला नाही. पण मास्तरांची तब्येत उत्तम आहे.